खाटवाली बुढी आणि एकशे सात

आमच्या गावच्या घरकुल लेआऊटमध्ये सगळ्यात आधी राहायला आली ती एक खाट. माणूस तिच्या मागून आला.

लेआऊट म्हटलं की शहरातल्या वाचकाला कमान आणि फाटक दिसेल. आमच्याकडे लेआऊट म्हणजे नाल्यापलीकडची ई-क्लासची, म्हणजे सरकारी चराईची जमीन, तिच्यावर चुन्याने मारलेल्या रेघा आणि त्या रेघांत एका मापाची चौदा घरं. प्रत्येक घर 269 चौरस फुटांचं, म्हणजे 25 चौरस मीटरचं. प्रधानमंत्री आवास योजनेत याहून लहान घर चालत नाही आणि मोठं बांधायला पैसा पुरत नाही. सपाट भागात तेव्हा 1 लाख 20 हजार रुपये मिळायचे, तेही हप्त्याहप्त्याने: पाया भरला की फोटो, फोटो चढला की पुढचा हप्ता. शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी वेगळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात 2018 च्या थोडं आधी ही घरं उभी झाली आणि मग नुसतीच उभी राहिली.

लोक राहायला का गेले नाहीत, याचं उत्तर गावात कुणालाही विचारा. नाल्यावर रपटा नव्हता. खांब होते, तार नव्हती. सांडपाण्याला नाली नव्हती. आणि घरकुलाच्या नकाशात बैल नसतो. बैल कुठे बांधायचा, कुटार कुठे भरायचं, सरपण कुठे रचायचं, याचा विचार 269 चौरस फुटांत बसत नाही. हप्ता बुडू नये म्हणून लोकांनी घरं बांधली, कुलपं लावली आणि राहत राहिले जुन्याच कुडाच्या घरात. दोघातिघांनी नव्या घरात कुटार भरलं. एकाने शेळ्या बांधल्या. शेळ्यांना घर आवडलं होतं, एवढं नक्की सांगते.

रिकाम्या घराला गिऱ्हाईक लवकर मिळतं. आधी दोन दरवाजे गेले, मग खिडक्यांची गजं. मग पोट्टे बसायला लागले. देशीच्या शिशा, वरली मटक्याच्या चिठ्ठ्या, मोबाईलवर मोठ्याने लावलेली गाणी. निंदणाला जाणाऱ्या बायांची पांदण तिथूनच जायची. त्या आता लांबून, आखराकडून, म्हणजे गावची गुरं जमतात त्या माळाकडून फेरा मारून जायला लागल्या. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. पुढच्या शिक्षणाला एसटी धरावी लागते आणि एसटीचा फाटा लेआऊटच्या पलीकडे. त्या वर्षी दोन पोरींची शाळा सुटली. घरच्यांनी कारण सांगितलं ‘पोरीचं मन लागत नाही’.

माझे बाबा तेव्हा गावचे पोलीस पाटील होते. 2002 पासून 2021 पर्यंत, एकोणीस वर्षं. पोलीस पाटील हे पद म्हणजे काय, हे शहरात कितीदा समजावून सांगितलं तरी समोरच्याला वाटतं, बाबांच्या घरी बंदूक असेल. बंदूक नव्हती. एक वही होती, एक शिट्टी होती आणि ओटा होता. 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली उपविभागीय अधिकारी नेमणूक करतो, महिन्याला मानधन मिळतं, आणि गावात जे काही घडेल ते ठाण्याला कळवायचं. मयत, मारामारी, बेवारस बैल, गावात आलेला अनोळखी माणूस. ठाणेदार बदलतो, बीट जमादार बदलतो, पोलीस पाटील तोच राहतो. म्हणून गाव त्याच्यावर चिडतं आणि त्याच्याचकडे जातं.

लेआऊटच्या तक्रारी ओट्यावर यायला लागल्या तेव्हा बाबांकडे जे औषध होतं तेच त्यांनी दिलं. ठाण्याला कळवलं. जमादार आले, शिशा फोडल्या, चार पोरांना गाडीत घातलं. पोरांवर एकशे सात लागली, एकावर एकशे एक्कावन्न, म्हणजे गुन्हा घडायच्या आधीच अटक करायचं कलम. (आता नव्या संहितेत ही कलमं 126 आणि 170 झाली आहेत, पण गावाच्या तोंडी अजून एकशे सातच आहे. ‘त्याच्यावर एकशे सात आहे’ हे आमच्याकडे थोडं लाजेने आणि थोडं तोऱ्यात सांगतात.) एकशे सात म्हणजे तहसीलला जाऊन शांतता राखण्याचा बाँड लिहून द्यायचा, जामीनदार आणायचा, तारखा करायच्या. पोरं तारखेला तालुक्याला जायची, तिथे चहा-नाश्ता व्हायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा लेआऊटमध्ये. त्या चौघांतले दोघे तर आमच्या तंटामुक्ती समितीच्या सदस्यांचेच पुतणे होते.

तंटामुक्तीवर थोडं बोलायलाच हवं. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना. गावातला तंटा गावातच मिटवावा, समिती ग्रामसभेने निवडावी, तंट्यांची नोंदवही ठेवावी, आणि गाव तंटामुक्त ठरलं तर लोकसंख्येप्रमाणे बक्षीस. पहिल्या दोन-तीन वर्षांत धुऱ्याची जुनी भांडणं खरंच मिटली. माझ्या डोळ्यांदेखत दोन चुलतभाऊ अकरा वर्षांनी एका बंडीत बसून बाजाराला गेले. नंतर झालं असं, की गावातला सगळ्यात मोठा तंटा तंटामुक्तीच्या अध्यक्षपदावरून व्हायला लागला. आणि आमच्या भागात समितीचं नाव पेपरात यायचं ते प्रेमविवाह लावून दिला म्हणून. नवरा-नवरी हार घालून मधोमध, दोन्ही बाजूंना समिती, आणि एका कोपऱ्यात माझे बाबा, कुणाच्या तरी वडिलांनी शिव्या दिल्यामुळे चेहरा पडलेला. ते काम मात्र चांगलं व्हायचं. मी अशी चार लग्नं जेवले आहे.

पण लेआऊटचा तंटा वहीत येईना. तंट्याला दोन बाजू लागतात. इथे एका बाजूला चार पोट्टे, आणि दुसऱ्या बाजूला चौदा कुलपं.

आता खाटेकडे येते, पण त्याआधी बेड्यावरून जावं लागेल.

गावाच्या उत्तरेला, आखर संपतो तिथून पुढे पारध्यांचा बेडा आहे. माझ्या लहानपणी तिथे सात-आठ पालं होती, मग झोपड्या झाल्या, काहींवर टिना आल्या. ही जागाही ई-क्लासच. फरक एवढाच, की लेआऊटची ई-क्लास कागदावर चढली होती आणि बेड्याची चढली नव्हती. गावात काहीही चोरीला गेलं की जमादाराची मोटरसायकल आधी बेड्याकडे वळायची. विहिरीवरच्या मोटरीची केबल गेली, बेडा. शेळी गेली, बेडा. वेचणीच्या दिवसांत कापसाचं बोंदरं गेलं, तरी बेडा. बाबांना मागे बसावं लागायचं, कारण वही त्यांची. प्रश्न ठरलेले असत: कोण? कोणाचा? रात्री कुठं होता? उत्तर काही दिलं तरी नाव लिहिलं जायचं.

एकदा केबलच्या चोरीत दोघांना नेलं. चार दिवसांनी सोडलं. त्यातला एक पुढे वर्षभर उजव्या हाताने पाण्याची चरवी उचलू शकत नव्हता. केबल कुणी नेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. बेड्यावरच्यांनीच नेली असेल, असंही होऊ शकतं. मी काही त्यांना संत ठरवायला बसलेली नाही, आणि बाबाही ठरवत नसत. त्यांना एक वेगळीच गोष्ट खटकायची. ज्या शेतकऱ्याची केबल गेली, त्याच शेतकऱ्याने दरवर्षी रानडुकरं आणि रोही हाकलायला बेड्यावरचा माणूस जागलीला ठेवलेला असायचा. रात्रभर उभं पीक ज्याच्या भरवशावर सोडायचं, सकाळी त्याच्याच दारात जमादार न्यायचा.

हे आमच्या गावापुरतं नाही, हे मला नंतर वाचून कळलं. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, 1911 आणि 1924 साली तो अजून पसरवला आणि आवळला. जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, हद्द सोडायची तर परवाना घ्यायचा. काहींना तारेच्या कुंपणातल्या वसाहतींत टाकलं. म्हणजे घर आणि पोलीस यांची एकत्र योजना आपल्याकडे फार जुनी आहे, फक्त त्या घराचं दार बाहेरून बंद व्हायचं. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला.

आणि इथे बाबांची मती गुंग व्हायची. बेड्यावरच्या माणसाला घरकुल हवं तर आदिवासी म्हणून शबरी योजनेत मिळू शकतं. त्याला जातीचा दाखला लागतो. दाखल्याला पुरावा लागतो, की बापजादे 6 सप्टेंबर 1950 च्या आधीपासून राज्यात राहत होते. शाळेचा दाखला, जमिनीचा कागद, काहीतरी. 1950 साली तर तो कायदा अजून जिवंत होता! तेव्हा या लोकांची शाळेत कोण नोंद करणार, आणि जमीन कोण देणार? बाबा एकदा अर्ज भरता भरता पेन ठेवून म्हणाले, ‘‘यायच्या आज्याचं नाव सरकारात हाय ना. ठाण्याच्या वहीत हाय. पन ते वही दाखल्याले चालत नाई.’’

मी तेव्हा कॉलेजात होते. मला ते वाक्य गमतीचं वाटलं होतं.

2018 चा पावसाळा. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसाव्यांची माणसं होती ती. आमच्या गावातही व्हॉट्सअॅपवर तेच व्हिडिओ फिरत होते. ग्रामसुरक्षा दलाची पोरं रात्री काठ्या आणि शिट्ट्या घेऊन गस्त घालत. त्यात लेआऊटमध्ये बसणारे ते चौघंही होते, त्यांना रात्री जागायची सवयच होती. बाबा पंधरा दिवस झोपले नाहीत. फाट्यावर एसटीतून कोण उतरतं ते बघायला स्वतः जाऊन उभे राहत, चोर येईल म्हणून नाही, कुणी फिरस्ता उतरेल आणि आपलीच पोरं त्याला मारतील म्हणून.

त्याच दिवसांत बेड्यावरची एक म्हातारी रात्रीतून उठली आणि तिने आपली खाट नाला ओलांडून लेआऊटमधल्या तिसऱ्या घरासमोर नेऊन टाकली. घराला दार नव्हतंच. झोपडीवर दगड पडले होते म्हणे. कुणी टाकले ते कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी घरात चूल पेटली, दाराला पोत्याचा पडदा आला, तीन कोंबड्या आल्या. गावाने तिचं नाव ठेवलं खाटवाली बुढी.

तक्रार दुपारपर्यंत ओट्यावर. घर दुसऱ्याचं, जमीन सरकारची, बाई पारध्याची. तिन्ही गुन्हे एकदम. ज्याच्या नावाचं घरकुल होतं तो म्हातारा वारला होता आणि पोरगा पुण्याला चाकणकडे कंपनीत. तक्रार करणाऱ्यांत तो नव्हता, बाकी सगळे होते.

बाबा गेले. त्यांच्यातला संवाद मी आईकडून ऐकला, आणि आई थोडं मीठमसाला लावते, तरी देते.

‘‘बाई, हे घर तुह्यं नाई.’’

‘‘मले माहीत हाय पाटील. पन कोनाचं हाय?’’

‘‘त्या पुन्यावाल्याचं.’’

‘‘थो राहते का अठी?’’

बाबा घरी आले आणि ठाण्याला अहवाल लिहायला बसले. लिहिलं काहीच नाही. आठ दिवसांनी लक्षात आलं, की लेआऊटची तक्रार येणं थांबलं आहे. म्हातारीने काही केलं नव्हतं. ती फक्त रात्रभर बाहेर खाटेवर असायची. झोप यायची नाही तिला. पोट्टे आले की उठून बसायची आणि खोकायची. कुणाचा कोण हे तिला सगळं माहीत; गावात गोधड्या शिवत, मध विकत आयुष्य गेलं होतं तिचं. अंधारात नुसत्या चपलेच्या आवाजावर हाक मारायची, अमक्याच्या पोरा, तुही आजी कशी हाय? आजीची चौकशी झाल्यावर देशीची शिशी फोडायला मजा येत नसावी. महिन्याभरात मटकेवाला फाट्याकडे सरकला. बाया पुन्हा पांदणीने जायला लागल्या. शाळा सुटलेल्या दोघींपैकी एक परत गेली. दुसरीचं लग्न जमलं होतं.

मग बाबांनी अहवाल लिहिला. त्याची कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. ‘सदर बाई सदर ठिकाणी राहते. तिच्यापासून कोणासही उपद्रव नाही.’ घर कुणाचं, हा मुद्दा अहवालात नाही. बाबा नियमाने चालणारे. त्यांनी नोकरीत मुद्दाम गाळलेली ही एकच ओळ असावी.

लॉकडाऊनमध्ये पुण्यावाला बायको-पोरासह आला. शाळेत चौदा दिवस काढले आणि मग आपल्या घराची किल्ली मागायला बाबांकडे आला. कुलूप-दार दोन्ही नसलेल्या घराची किल्ली. त्याचंही खरंच होतं. भावाच्या घरात सात माणसं झाली होती. बुढी एक शब्द न बोलता खाट उचलून शेजारच्या, कुटार भरलेल्या घरासमोर गेली. पाच महिन्यांनी तो चाकणला परतला तेव्हा जाताना म्हणाला, बुढीलाच राहू द्या, दार मी बसवलंय, तेवढं जाऊ देऊ नका. घरकुल भाड्याने देता येत नाही. तंटामुक्तीच्या वहीत शेवटी नोंद झाली: ‘घराची राखण’. आमच्या समितीने लावलेल्या सगळ्या लग्नांपेक्षा मला ही नोंद जास्त आवडते.

मध्यंतरी इंग्लंडच्या कायद्यांबद्दल वाचत होते, तेव्हा हे सगळं आठवलं. तिथे 1996 च्या गृहनिर्माण कायद्यात नगरपालिकेच्या घरात येणाऱ्या नव्या भाडेकरूला पहिलं वर्ष परीक्षेवर ठेवायची सोय आली. 1998 च्या कायद्याने उपद्रवी माणसाला न्यायालय ताकीद देऊ लागलं, अमुक गल्लीत जायचं नाही, अमुक करायचं नाही. ती मोडली तर पाच वर्षांपर्यंत कैद. 2014 साली ती पद्धत बदलली, पण वागणुकीवरून घर जायचं ते जातंच. आणि असं घर गमावलेला माणूस पुन्हा पालिकेच्या दारात गेला, तर त्याला ‘जाणूनबुजून बेघर’ ठरवता येतं. या दोन शब्दांवर मी फार वेळ थांबले. शेजाऱ्यांचा त्रास खोटा नसतो. रात्री दोन वाजता भिंतीपलीकडे धिंगाणा चालू असताना कुणालाही वाटतं, की हा माणूस इथून जावा. मला फक्त कळत नाही, की तो जातो कुठे.

आपल्याकडे त्यासाठी तडीपारी आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्यात 55 ते 57 या कलमांखाली माणसाला जिल्ह्याबाहेर घालवता येतं, दोन वर्षांपर्यंत. तड म्हणजे काठ. आमचा जिल्हा आणि वर्धा जिल्हा यांच्यामध्ये वर्धा नदी आहे, त्यामुळे आमच्याकडचा तडीपार शब्दशः पलीकडच्या तडीला जाऊन बसतो आणि तिकडचा इकडे. वर्धा जिल्ह्यात 1970 च्या दशकापासून दारूबंदी, आमच्याकडे नाही. त्यामुळे इकडून माणसं आणि दारू दोन्ही पार होतात, आणि संध्याकाळी एकत्र भेटत असतील.

अलीकडे दुसरी पद्धत निघाली, बुलडोझरची. आरोपीचं घरच पाडायचं. 13 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला आळा घातला: पंधरा दिवसांची नोटीस, ऐकून घेणं, आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती भूषण गवई होते, आमच्या अमरावतीचे. एका आरोपीपायी सगळ्या घरादाराचं छप्पर काढायचं कशासाठी, हा त्या निकालातला प्रश्न. पण सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही, हेही त्यातच लिहिलं आहे. बेडा ई-क्लासवर. म्हणजे ज्यांच्या घराकडे पोलिसांची गाडी पहिल्यांदा वळते, त्यांचं घर या निकालाच्या ओसरीपर्यंतच पोचतं. 2011 च्या आधीची राहती अतिक्रमणं नियमानुकूल करायचा शासन निर्णय आहे, बेडा त्याआधीचा आहे, अर्ज गेलेले आहेत. बाबा सेवानिवृत्त होताना तो गठ्ठा नव्या पोलीस पाटील बाईंकडे देऊन आले.

गेल्या दिवाळीत गावी गेले होते. एसटी उशिरा आली, फाट्यावर उतरले तेव्हा आठ वाजून गेले होते. लेआऊटमध्ये आता नऊ घरांत चुली आहेत, खांबाला तार आली आहे, एका खांबावर दिवाही लागतो. रपटा अजून झालेला नाही. मी चपला हातात घेऊन नाला ओलांडला, वर चढले, आणि तिसऱ्या घरासमोरून खोकल्याचा आवाज आला.

‘‘कोन हाय थे?’’

मी थांबले.

‘‘कोनाची व्हय? एवढ्या राती कुठं होती?’’

मी बाबांचं नाव सांगितलं. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही, मग खाट करकरली.

‘‘पाटलाची का? मंग जाय. पन उजेडानं जाय, तिकडं नाली खोदून ठेवली हाय.’’